इम्पोर्टच्या पायाशी कुत्रा

फिलिपिन्समधल्या सान रोमुआल्दोच्या खालच्या बारांगायात, म्हणजे खालच्या वॉर्डात, बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याचं छप्पर चढलं, आणि आता पुढे काय, असा प्रश्न बारांगायचे निवडून आलेले कप्तान दोमेंग यांना पडला. छप्पर ही मोठी गोष्ट खरी, पण तिचा दोष असा की ती वर असते; खालून जाणाऱ्या मतदाराची मान आपोआप वर जात नाही. खांबांवर कप्तानांचं नाव होतं. ज्यावर नाही असा खांब शोधून सापडला नसता. तरीही दारापाशी, माणसाच्या नजरेच्या उंचीला, काहीतरी उभं असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. गाव लाकडी संत कोरणाऱ्यांचं, तेव्हा पुतळा करायचा हे ठरायला वेळ लागला नाही. कोणाचा, हे ठरवताना जे झालं त्याची ही हकीकत आहे.

संताचा करावा तर फादर म्हणणार, आमच्याकडे जागा कमी पडली का? पुढाऱ्याचा करावा तर निम्मं गाव दुसऱ्या पुढाऱ्याचं. देशी खेळाडूचा करावा तर तो निवृत्त झाल्यावर बहुधा निवडणुकीला उभा राहणार, आणि कप्तानांना आपल्याच मैदानात आपलाच प्रतिस्पर्धी कोरून ठेवायची हौस नव्हती. मग त्यांना इम्पोर्ट सुचला.

लीगमधल्या संघानं अमेरिकेहून आणलेला परदेशी खेळाडू म्हणजे इम्पोर्ट. तो एका हंगामापुरता येतो, एकेका सामन्यात चाळीस-पन्नास गुण टाकतो, सगळा देश त्याच्यावर जीव ओवाळतो, आणि संघ हरायला लागला की पुढच्या विमानानं त्याची रवानगी होते. त्याला इथे चुलते नसतात, साडू नसतात, मतदार यादीत नाव नसतं. पुतळ्यासाठी याहून निर्धोक माणूस मिळणं कठीण.

"आजवरच्या सगळ्या इम्पोर्टांची क्रमवारी लावायची," कप्तान नातोच्या अंगणात खुर्ची ओढून घेत म्हणाले. "पहिला येईल त्याचा पुतळा. फिएस्ताच्या दिवशी उद्घाटन, गावजत्रेला सगळे असतात. आणि समितीचे अध्यक्ष तुम्ही, कुया नातो."

कुया म्हणजे दादा, आणि नातो म्हणजे फोर्तुनातो दिविनाग्रासिया, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून निवृत्त झालेला गृहस्थ. गावातल्या निम्म्या लोकांचे जन्माचे दाखले त्याच्या अक्षरात होते. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर माणूस आयुष्यभर कसा हेलपाटे घालतो हे त्यानं पाहिलेलं होतं, त्यामुळे तो बोलतानासुद्धा स्वल्पविराम देऊन बोलायचा.

"मीच का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही काटेकोर. तुम्हाला बास्केटबॉलमधलं कळतं. शिवाय..." कप्तानांनी घरात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "शिवाय तुम्ही स्वतः त्यातलेच."

हे नातोला लागलं. त्याला ते कायमच लागायचं. तो मूळचा दूरच्या बेटावरच्या इलोइलोचा. ऑरेयाशी लग्न करून तो तिच्या आईच्या घरी राहायला आला, तेव्हा सासूबाईंनी, नानाय प्रिमितिव्हांनी, शेजारणींना त्याची ओळख करून दिली होती ती अशी: "हा आमच्या ऑरेयाचा इम्पोर्ट." बायका हसल्या. तेव्हा नातोही हसला होता. हसलो नसतो तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला पुष्कळदा वाटलं. घरजावयाला टोमणे सगळीकडेच बसतात, पण ते घरात बसतात. नातोचा टोमणा गावभर झाला. न्हाव्याच्या दुकानात इम्पोर्ट, पतपेढीच्या सभेत इम्पोर्ट, स्वतःच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात इम्पोर्ट. त्याचे केस पांढरे झाले, मुलं शिकून दुबईला गेली, आणि तरी तो तोंड उघडायचा तेव्हा इलोइलोचा तो गोड हेल काढून बोलायची सवय आड यायची. तो संतापला तरी ऐकणाऱ्याला वाटायचं की हा बाळाला झोपवतोय.

"पुतळ्याखाली पाटी असेल?" नातोनं विचारलं.

"पितळी."

"तिच्यावर अध्यक्षाचं नाव?"

"असणार की. 'निवड: फोर्तुनातो दिविनाग्रासिया, या गावचे नागरिक, यांच्या अध्यक्षतेखाली.'"

नातोच्या कानात सगळ्या वाक्यातले दोनच शब्द राहिले होते: या गावचे. पितळेत कोरलेले.

"मी करतो," तो म्हणाला.

पहिली बैठक तेबानच्या केशकर्तनालयात झाली. समितीची अधिकृत जागा ती नव्हती, पण बैठक जिथे व्हायची तिथेच होते. तेबान न्हावी बास्केटबॉलबद्दल वस्तरा हातात असताना बोलायचा, त्यामुळे त्याची मतं गावात सहसा कोणी खोडून काढत नसे.

"क्रमवारी कसली लावताय?" तेबान म्हणाला. "पहिला ड्वेन मॅकिव्हर. दुसऱ्यापासून लावा."

ड्वेन मॅकिव्हर हा रंगवाल्यांच्या संघाचा. लीगमधले संघ गावांचे नसतात, कंपन्यांचे असतात. त्यामुळे माणसं रंगाच्या डब्यासाठी गळा काढतात आणि साबणाच्या वडीसाठी भांडतात, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. मॅकिव्हरनं रंगवाल्यांना तीन अजिंक्यपदं मिळवून दिली, आणि नंतर तो परत गेलाच नाही. केझोनच्या एका मास्तरीणबाईंशी लग्न केलं, नागरिकत्व घेतलं, भाताचं हॉटेल काढलं. आता तो सुकी मासळी तळताना मीठ जास्त झालं म्हणून बायकोशी इथल्या तागालोग भाषेतून भांडतो, असं तेबान अभिमानानं सांगत असे.

"तोच तर घोळ आहे," नातो म्हणाला. "तो आता इम्पोर्ट आहे का?"

"म्हणजे?"

"इम्पोर्ट म्हणजे बाहेरचा. मॅकिव्हर बाहेरचा आहे का?"

"कुया, त्याची उंची बघा. माझ्या दुकानाच्या दारातून तो आडवा आला तरच आत येईल."

"उंचीचा प्रश्न नाही. इथे राहिला, इथे संसार केला, इथे त्याची माणसं पुरली आणि इथे त्याचे नातू जन्मले. अशाला बाहेरचा म्हणायचं का?" नातोचा आवाज थोडा चढला होता, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं तो गाऊ लागला होता. "मी नियम करतो. 'जो इम्पोर्ट इथेच राहिला तो इथला झाला. त्याला इम्पोर्टांच्या क्रमवारीत धरू नये.'"

तेबानचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "मग तो जगातला सगळ्यात मोठा इम्पोर्ट असून यादीत नाही?"

"नाही."

"का, तर तो आपल्याला सोडून गेला नाही म्हणून?"

"नियम नियम आहे."

"ह्याला म्हणतात सरकारी नोकरी," तेबान गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो हा नियम येणाऱ्या-जाणाऱ्याला शब्दशः पाठ म्हणून दाखवू लागला. त्यामुळे एक झालं, नियम गावभर पोचला. नोंदणी कार्यालयाच्या एकाही परिपत्रकाला हे भाग्य लाभलं नव्हतं.

मॅकिव्हर यादीतून गेल्यावर उरलेल्यांचा न्याय करणं सोपं जाईल असं नातोला वाटलं होतं. तसं झालं नाही. ओटिस प्रिंगलनं एका सामन्यात बहात्तर गुण केले होते, पण तो सामना त्याचा संघ हरला. मग तो बहात्तर गुणांचा की हरण्याचा? लामार गेंट्री फार सुंदर खेळायचा, पण त्याच्या संघातले बाकीचे चौघे उभे राहून त्याचा खेळ बघायचे, आणि तो मायदेशी गेल्यावरही ते बराच काळ तसेच उभे राहिले. वेंडेल शूमेक खेळायचा बेताचा, पण वादळात गाव बुडालं तेव्हा तो छातीभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन आला होता. "याला गुण किती द्यायचे?" असं नातोनं ऑरेयाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांना विचारा." नातोनं मग असं ठरवलं की गुण आधी, अजिंक्यपदं त्याच्यावर, आणि संघातल्या देशी पोरांचा खेळ त्याच्यामुळे किती सुधारला हे सगळ्यात वर. या मोजपट्टीनं शूमेक सातवा आला, गेंट्री पाचवा, प्रिंगल तिसरा. पहिल्या जागेसाठी दोघे राहिले, आणि तिथे प्रकरण घरात शिरलं.

त्यातला एक क्लिफ्टन बार्ज, आटवलेल्या दुधाच्या संघाचा. नानाय प्रिमितिव्हा त्याला "माझा क्लिफ" म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीखाली क्लिफचं दुधाच्या डब्यावरचं चित्र कापून लावलेलं होतं, आणि येशूपेक्षा क्लिफची काच जास्त वेळा पुसली जायची. दुसरा रॉस्को टिलमन, साबणवाल्यांचा. एका अंतिम सामन्यात शेवटची शिट्टी वाजता वाजता टिलमननं क्लिफच्या हातावरून बॉल टाकला आणि साबणवाले एका गुणानं जिंकले. त्यानंतर तो साबण या घरात कधी आला नाही. लग्न होऊन नातो आला तेव्हा त्याच्या बॅगेत नेमकी त्याच साबणाची वडी होती. सासूबाईंनी ती चिमट्यानं उचलून कुंपणाबाहेर टाकली. आपल्याबद्दलचं पहिलं मत इथे झालं, असं नातोचं अनुमान होतं.

नातोनं आकडे पुन्हा तपासले. जुनी वर्तमानपत्रं पुन्हा चाळली. क्लिफला पहिला आणता येईल अशी एखादी सभ्य पळवाट मिळते का तेही पाहिलं, कारण तो काटेकोर असला तरी त्याला रोज त्याच घरात जेवायचं होतं. पळवाट मिळाली नाही. टिलमनच्या हाताखाली साबणवाल्यांची साधी पोरं राष्ट्रीय संघात गेली होती. क्लिफच्या हाताखालची पोरं त्याला पाण्याची बाटली द्यायला शिकली होती.

"पहिला टिलमन," त्यानं जेवताना सांगून टाकलं.

नानायनी तळलेल्या माशाच्या ताटलीत चमचा फिरवला आणि नातोच्या पानात शेपटीचा तुकडा वाढला.

"आई," ऑरेया म्हणाली.

"काय? मासाच आहे," नानाय म्हणाल्या.

त्यानंतर फिएस्तापर्यंत नातोनं माशाचा दुसरा कुठलाही भाग पाहिला नाही. सिनिगांगच्या आंबट रश्शातसुद्धा त्याच्या वाटीत शेपटी तरंगत यायची. तळ्याकाठच्या गावात इतक्या शेपट्या एका माणसासाठी कशा गोळा होतात, याचं त्याला आश्चर्य वाटे.

"दुसरा क्लिफ आहे," एकदा त्यानं सांगून पाहिलं.

"दुसऱ्याचा पुतळा होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हणा, बाहेरच्या माणसाला इथलं काय कळणार?"

याचं उत्तर पितळी पाटी देईल, असा नातोला भरवसा होता.

बारांगायच्या कार्यकारिणीनं ठराव मंजूर केला: 'मैदानाच्या प्रवेशद्वाराशी सर्वश्रेष्ठ इम्पोर्ट बसवणेबाबत.' मसुदा कप्तानांचा होता. नातोनं 'इम्पोर्टचा पुतळा' असं हवं म्हणून सुचवलं होतं, पण कप्तान म्हणाले, पुतळा म्हटलं की कलासमितीकडे जातं आणि बसवणे म्हटलं की बांधकाम खात्याकडे, आणि बांधकाम खात्यात आपला भाचा आहे. भाचा नेमका रजेवर होता. त्याच्या जागेवर एक नवीन मुलगी होती, शिकलेली, नियम जाणणारी आणि बास्केटबॉल न बघणारी. अशी मुलगी या देशात असू शकते हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ठराव परत आला. वर शेरा होता: 'आयात वस्तू सार्वजनिक जागी बसवण्यासाठी कस्टमची कागदपत्रं जोडावीत.'

नातो स्वतः गेला. ज्या इमारतीत त्यानं उभा जन्म काढला तिथे पहारेकऱ्यानं त्याच्या हातात नंबराची चिठ्ठी दिली आणि बाकावर बसायला सांगितलं. नातोनं ते सोसलं.

"सर, इम्पोर्ट कुठून आणलाय?" नंबर आल्यावर मुलीनं विचारलं.

"इम्पोर्ट म्हणजे माणूस आहे."

"मग परदेशी नागरिक विभागाचं पत्र लागेल."

"खरा माणूस नाही. लाकडाचा."

"लाकूड परदेशी आहे?"

"लाकूड इथलंच. माणूस परदेशी."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "लाकूड इथलं असेल तर वनखात्याचा दाखला. सर, तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेलोच आहे," नातो म्हणाला.

"वाटत नाही," ती म्हणाली, आणि तिचा हेतू चांगला होता.

शेवटी तिनं एक साधा अर्ज पुढे सरकवला. विषय, अर्जदाराचं नाव, मूळ ठिकाण. नातोनं विषयात 'सर्वश्रेष्ठ इम्पोर्ट' लिहिलं, नावात आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि मूळ ठिकाण हा रकाना पुतळ्याबद्दल आहे की अर्जदाराबद्दल हे विचारायला तो मान वर करणार, तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला गेला. रकाना नावाच्या शेजारी होता. आयुष्यभर नोंदणीत काम केलेल्या माणसाचा हात आपोआप चालला: इलोइलो. मुलीनं त्यावर गोल शिक्का मारला. शिक्का मारलेला कागद हातात आला की त्या इमारतीत कोणी तो पुन्हा वाचत नाही. नातोनंही वाचला नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

वनखात्याच्या दाखल्याची बातमी सेलोला कळली तेव्हा त्यानं छिन्नी खाली ठेवली. सेलो म्हणजे गावातला सगळ्यात वेगवान मूर्तिकार. त्याला मुदतीची भीती नव्हती, फक्त खात्यांची होती.

"दाखला यायच्या आत तीन फिएस्ता होऊन जातील," तो म्हणाला. "दाखला लागणार नाही असा एक माझ्याकडे तयार आहे. त्याचंच करू."

तयार होता तो सान रोके. शेजारच्या गावच्या एका मंडळानं सांगितलेला, मग मंडळात फूट पडली, दोन्ही गटांनी त्याला नाकारलं, आणि तेव्हापासून तो सेलोच्या शेडमध्ये उभा होता. सान रोके साथीच्या रोगातला संत. एका हातानं झगा वर करून दुसऱ्या हाताच्या बोटानं मांडीवरची जखम दाखवतो, आणि त्याच्या पायाशी त्याचा इमानी कुत्रा बसलेला असतो.

"झगा कापून चड्डी करतो," सेलो म्हणाला. "टिलमनच्या काळात चड्ड्या आखूडच असायच्या."

"चेहरा?" नातोनं विचारलं. वर्तमानपत्रात टिलमनचे जेवढे फोटो होते त्या सगळ्यांत तो बॉल टाकत होता आणि चेहऱ्यापुढे त्याचाच दंड होता.

"चेहरा असू दे. फ्री थ्रोच्या वेळी तोही असाच शांत दिसायचा."

"उंची फार कमी आहे."

"कुया, लीगमध्ये इम्पोर्टची उंची मोजतात तेव्हा सगळेच गुडघे वाकवतात. उंचीच्या मर्यादेत बसायला."

"आणि कुत्रा?"

सेलो जरा वेळ कुत्र्याकडे बघत राहिला. "कुत्रा त्याच लाकडातला आहे. काढला तर पाऊल जाईल. बॉल करतो त्याचा."

सेलोनं शब्द पाळला. कुत्र्याचा त्यानं बऱ्यापैकी बॉल केला. एक कान मात्र पावलाला लागून होता, तो राहिला. आणि शेपटी दुसऱ्या पायामागे गेली होती, तिथे छिन्नी पोचली नाही. बोट अजून मांडीकडेच दाखवत होतं.

"मांडी कशाला दाखवतोय?" पुतळा मैदानाच्या दाराशी आणून उभा केला तेव्हा जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं.

"फाऊल मागतोय," तेबान म्हणाला.

नानाय प्रिमितिव्हा छत्री टेकत आल्या आणि पुतळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा सान रोके आहे," त्या म्हणाल्या. "याला चड्डीवर कोणी आणलं?" दुसऱ्या दिवशी पुतळ्याच्या पायाशी कोणीतरी मेणबत्ती लावून गेलं. फादरांनी निरोप पाठवला की आपण आक्षेप घेत नाही, पण आशीर्वादही देत नाही, आणि कुत्र्याचं काय ते एकदा ठरवा.

नातोनं हे सगळं पोटात घातलं. पुतळा बिघडला तरी क्रमवारी बरोबर होती. आणि पाटी यायची होती. तो दोनदा कप्तानांकडे जाऊन मजकूर बघायला मागून आला. "काळजी कसली करता," कप्तान म्हणाले. "पाटीवाल्याला तुमचा शिक्क्याचा अर्जच दिला. त्यातली नावं आहेत तशी घे म्हटलं. शिक्का आहे म्हणजे चूक नाही." नातोलाही ते पटलं. तोही आयुष्यभर लोकांना हेच सांगत आला होता.

फिएस्ताच्या सकाळी बँड आला. छपराखाली पताका लावल्या होत्या. पुतळ्यावर पांढरी चादर होती, पाटीवर कप्तानांचा रुमाल. नातोनं निवृत्तीच्या दिवशी घातलेला भरतकामाचा बारोंग सदरा घातला होता. ऑरेया त्याच्या शेजारी, आणि नानाय पहिल्या रांगेत, क्लिफवर झालेला अन्याय चेहऱ्यावर घेऊन. कप्तान बोलले; छपरावर जास्त, टिलमनवर कमी. मग त्यांनी चादर ओढली, रुमाल उचलला आणि पाटी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'सर्वश्रेष्ठ इम्पोर्ट,'" ते म्हणाले. "'फोर्तुनातो दिविनाग्रासिया. इलोइलो.'"

बँडवाल्यांना खूण ठरलेली होती, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

बँड थांबला. शेजारच्या गावाहून आलेल्या एका बाईनं क्रूसाची खूण केली. नाव ऐकून तिला तो कोणी नवा संत वाटला. मग तेबान टाळ्या वाजवू लागला.

"अभिनंदन, कुया," तो म्हणाला. "एकही सामना न खेळता. टिलमनला हे जमलं नाही."

हशा पसरला. वाईट हशा नव्हता तो. गावाला मनापासून आनंद झाला होता, आणि हेच नातोला सोसवेना. कप्तान हळूच म्हणाले, "पितळ आहे, कुया. खोडता येत नाही. आणि लोकांना आवडलंय." नातो पाटीकडे बघत होता. अक्षरं सुरेख होती. त्याच्या नावात एकही चूक नव्हती. 'या गावचे' कुठेच नव्हतं. त्याच्या जागी इलोइलो होतं, आणि आता पितळ झिजेपर्यंत, म्हणजे त्याच्या नातवांच्या नातवांपर्यंत, ते तिथे राहणार होतं.

"ही पाटी चुकली आहे," तो म्हणाला. ते गाण्यासारखं निघालं. लोक पुन्हा हसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत छत्री जमिनीवर आपटली.

"हरकत आहे," नानाय प्रिमितिव्हा म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. उठायला त्यांना वेळ लागला आणि सगळे तेवढा वेळ थांबले. "तेबान, तो नियम म्हण. रोज म्हणतोस तो."

"कुठला, नानाय?"

"तुझ्या मॅकिव्हरला ज्यानं बाहेर काढलं तो."

तेबाननं घसा साफ केला. "'जो इम्पोर्ट इथेच राहिला तो इथला झाला. त्याला इम्पोर्टांच्या क्रमवारीत धरू नये.'"

"कोणी केला?"

"कुया नातोंनी. तुमच्यासमोर उभे आहेत ते."

"मग हा परत गेला का? मी तर याला रोज सकाळी माझ्याच घरात बघते. माझ्या नवऱ्याला यानंच मांडीवर पाणी पाजलं, पुरलंही यानंच. माझी नातवंडं कुठे जन्मली ते यानं स्वतःच्या हातानं नोंदवलंय." नानायना बोलायचा कंटाळा आल्यासारखा वाटत होता. "हा अपात्र आहे. एवढा साधा नियम तुम्हाला कळत नाही आणि छपरं बांधता."

कप्तानांनी कपाळ पुसलं. "पण नानाय, इम्पोर्ट हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत."

"ठेवलं होतं. एका हंगामापुरतं. तुम्ही लोक ते धरून बसलात, त्याला मी काय करू?"

आता सगळे नातोकडे बघू लागले. क्रमवारी समितीचा अध्यक्ष तो होता; हरकतीवर निर्णय त्यानंच द्यायचा होता. सर्वश्रेष्ठ हा किताब माणसाच्या वाट्याला आयुष्यात वारंवार येत नाही. नातोनं बारोंग सरळ केला. हरकत नियमाला धरून होती, नियम त्याचाच होता, आणि हरकत घेणारी व्यक्ती या गावची जन्मजात नागरिक होती. तिचा दाखला त्यानं स्वतः एकदा शाई उडाली म्हणून नव्यानं लिहून दिला होता.

"हरकत मान्य," तो म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही. ऑरेयानं रुमालानं डोळे टिपले, आणि कोणी विचारू नये म्हणून ऊन फार आहे म्हणाली. छपराखाली ऊन नव्हतं.

सेलोनं स्क्रू काढून पाटी उलटी बसवली. मागची बाजू कोरी होती. नवी पाटी पुढच्या वर्षी करू, असं कप्तान म्हणाले, आणि ते खरं होण्याचं काही कारण नव्हतं. कोऱ्या पाटीमुळे उलट सोय झाली. ज्याला टिलमन हवा त्याला टिलमन दिसतो, तेबान गिऱ्हाइकांना तो मॅकिव्हर म्हणून दाखवतो, म्हाताऱ्या बायका सान रोकेला मेणबत्ती लावतात, आणि पोरं फ्री थ्रोला जाण्याआधी बॉलचा कान चोळून जातात. कान आता गुळगुळीत झालाय.

त्या दुपारी फिएस्ताच्या रीतीप्रमाणे घरात ओळखीचे-अनोळखी सगळे जेवायला येऊन बसले होते. नानाय स्वतः वाढत होत्या. भलामोठा बांगुस मासा भाजलेला होता, आणि पोटाचा मऊ तुकडा पाहुण्यांच्या ताटांत चालला होता. शेजारच्या गावच्या त्या क्रूस करणाऱ्या बाईही आल्या होत्या. नातोनं त्यांना भात पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याच्या बोलण्यातला हेल ऐकला आणि नानायना विचारलं, "हे कोण?"

"हा नातो," नानाय म्हणाल्या.

बाई थांबल्या. पुढे काहीतरी येईल असं त्यांना वाटलं असावं. नातोलाही वाटलं. पुढे काही आलं नाही.

"इथलेच का?" बाईंनी विचारलं.

"मग कुठला?" नानाय म्हणाल्या. पण यादीत अजून टिलमन पहिला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी माशात चमचा फिरवला आणि नातोच्या ताटात शेपटीचा तुकडा वाढला.